लिंबाजी मिस्त्रींच्या काट्या

लिंबाजी मिस्त्री माळवदावर चढले की पहिलं काम काट्या पसरण्याचं करायचे. ओळंबा नंतर, थापी नंतर, देवाचं नाव त्याहूनही नंतर. बाभळीच्या काटेरी फांद्या दोन गड्यांकडून वर ओढून घ्यायच्या आणि कडेपासून दोन हात आत ओळीनं अंथरायच्या. मग सगळ्यांना पायातलं काढायला लावायचं. त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक गड्याच्या टाचेत आठवड्यातून एकदा तरी काटा मोडलेला असे.

आमच्याकडं माळवदाला, म्हणजे सपाट छताला, मातीचे थर देतात आणि कठडा सगळ्यात शेवटी बांधतात. तोवर कडा मोकळ्या. माती पसरणारा गडी फावड्यानं ती स्वतःकडं ओढत ओढत मागं सरकत जातो.

"वर माणूस उलटा चालतो," मिस्त्री सांगायचे. "पाठीला डोळे न्हाईत. टाचंला लावावे लागतेत."

हा ध्यास कामापुरता असता तर लोक हसले नसते. पण मंठ्याच्या बाजारात कुणी भाव करता करता एक पाऊल मागं घेतलं, की मिस्त्री त्याचा कोपर धरायचे. "मागं काय हाये?" मागं बहुधा कांद्यांचा ढीग असायचा. लेकीच्या सोयरिकीला कुंभार पिंपळगावची मंडळी आली, तेव्हा ह्यांनी घराच्या माळवदावर बैठक घातली आणि कडेनं काट्याही घातल्या. होणारे व्याही पान थुंकायला उठले आणि कळवळून खाली बसले. सोयरीक मोडायची वेळ आली.

"लंगडत का हुईना, जिन्यानं उतरले न्हवं?" मिस्त्री म्हणाले. सोयरीक टिकली. व्याही मात्र पुन्हा कधी त्यांच्या माळवदावर चढले नाहीत.

मी त्यांना ओळखायला लागलो तो मंठ्याच्या एका मालकांच्या सरकीच्या वखारीच्या बांधकामावर. निजामाच्या राज्यातले ते दिवस. मी तेविशीतला, देखरेखीला ठेवलेला कारकून. पायात चढाव जोडे, डोक्यावर रुमाल, आणि आपण सांगितल्याशिवाय दगड हलत नाही अशी समजूत. वखारीच्या दोन बाजूंना जुन्या उंच भिंती होत्या, दोन कडा मोकळ्या. मालक पहिल्यांदा वर आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांनाही जोडे काढायला लावले.

"शेट, दोन हात मागं. खाली जायला जागा लई हाये, पर घाई न्हाई."

गडी खाली माना घालून हसले. मालकही हसले. मला मात्र तो मालकांचा अपमान वाटला.

एकदा मिस्त्री लेकीला माहेरी आणायला तीन दिवस पिंपळगावला गेले. जाताना मला म्हणाले, "कारकूनसायब, म्या न्हाई तवर काट्याला हात लावू देऊ नका. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी मालकांचे हैदराबादचे बडे पाहुणे इमारत बघायला येणार असल्याचा निरोप आला. मखमली जोडे, लांब शेरवानी. त्यांना जोडे काढा म्हणून कोण सांगणार? मी काट्या काढायला लावल्या. मालकांनी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं.

पाहुणे आले, हवा खाऊन खाली गेले. मला त्यांच्या पंगतीला बसायचं होतं. वर कालवलेली माती वाळत होती. मी जाता जाता गड्यांना म्हणालो, "जल्दी सुरू करा." काट्या परत लावा, असं म्हणालो नाही. जेवून आल्यावर बघू, असं मनात होतं.

गंगाराम माती ओढत होता. पंधरा वर्षं तो मिस्त्रींच्या हाताखाली होता. दुसऱ्या कुणाच्या कामावर असता तर दर चार पावलांना मागं वळून बघितलं असतं. मिस्त्रींच्या माणसांना ती सवयच उरली नव्हती. काटा टोचला की थांबायचं, एवढंच ठाऊक. सकाळी काट्या काढल्या हे त्यालाही दिसलं होतं. पण हात कामाला लागले की टाच जुन्याच हिशेबानं चालते. ती काट्याची वाट बघत मागं मागं गेली.

खाली दगड रचलेले होते. गंगाराम पडला, आणि तिसऱ्या दिवशी गेला.

मिस्त्री परतले तेव्हा काट्या भिंतीपाशी ढीग करून पडलेल्या होत्या. त्यांनी मालकांसमोर विचारलं, "कुणी काढल्या?"

"वाऱ्यानं उडाल्या असतील," मालक म्हणाले. त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी जमिनीकडं बघत उभा राहिलो. मिस्त्रींनी पुन्हा विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर काम सुरू झालं. गंगारामचा भाऊ मारोती त्याच फावड्याला लागला. त्या दिवशी मिस्त्रींनी काट्या वर नेल्या नाहीत. जुन्या भिंतीत पहार ठोकली, तिला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि ते कडेवर जाऊन बसले. तोंड गड्यांकडं, पाठ मोकळ्या बाजूला. मागं सरकणाऱ्याची टाच जवळ आली की ते ती हातात धरायचे. गडी थांबायचा.

"काट्या का नाही लावल्या?" मी विचारलं.

"काटा कुणीबी उचलून टाकतो," ते म्हणाले. "माणूस उचलता येत न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "कडा दोन हाईत."

मी चढाव काढले. माझ्या कमरेचा दोर त्यांनी बांधला, गाठ तीनदा ओढून बघितली. मी पलीकडच्या कडेवर बसलो. गडी बघत होते. कारकुनानं गड्यांचे पाय धरायचे, हे मंठ्यानं पाहिलं नव्हतं.

माझ्याकडं मारोती येत होता. फावडं ओढत, एकेक पाऊल. त्याची मातीनं भरलेली भेगाळ टाच माझ्या गुडघ्याशी आली. मी धरली. तो मागं न बघता थांबला.

"मारोती," मी म्हणालो, "काट्या मी काढायला लावल्या होत्या."

फावडं मातीत रुतलेलं.

"ठाव हाये," तो म्हणाला. "सगळ्यांना ठाव हाये. जरा घट धरा."

मी त्याची माफी मागितली नाही, त्यानं दिली नाही. दिवसभर तो येत राहिला, मी धरत राहिलो.

दिवस कलल्यावर गडी उतरून गेले. मी माझी गाठ सोडली आणि मिस्त्रींची सोडायला गेलो, कारण ते जागचे हलले नव्हते. त्यांचा अंगरखा पाठीला चिंब चिकटला होता. बोटं गाठीवर होती, पण गाठ त्यांना सुटत नव्हती.

"ताप आहे का, मिस्त्री?"

"न्हाई." ते माझ्या खांद्यापलीकडं, भिंतीकडं बघत होते. "मला वरचं भ्या वाटतं. पयल्यापून. चाळीस वर्सं झाली, खाली कवा बघितलं न्हाई. घरी म्हाईत न्हाई, लेकीला न्हाई. गड्यास्नी सांगू नका, कुणी हाताखाली येणार न्हाई."

सगळा दिवस त्या माणसानं मोकळ्या बाजूला पाठ करून काढला होता.

मी दोर सोडला, त्यांना धरून शिडीपर्यंत आणलं. मी आधी उतरलो. मग ते डोळे मिटून उतरू लागले, आणि मी खालून एकेक पायरी आली की "आली" म्हणत गेलो.