पूर्वेचा वारा, रविवारी बंद

"यापुढे आपल्या कोंबड्यांच्या अंगाला पावसाचा एक थेंब लागला, तर मला सांगा!" असं गुंडीच्या आईने सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं आणि कपात बिस्किट बुडवलं. बिस्किट अर्ध्यात तुटून तळाला गेलं. पण असल्या शकुनांकडे शिकलेल्या माणसाने लक्ष द्यायचं नसतं.

कोंबड्या तीन. करड्या रंगाची भुरी, मान ताठ ठेवून तपासणीला आल्यासारखी फिरणारी मॅडम, आणि सगळ्यांत धाकटी शेंडेफळ. रात्री निजायला त्यांचं लाकडी खुराडं होतं. दिवसभर हिंडायला मागच्या अंगणात जाळीघर होतं, म्हणजे हलक्या पाइपांचा, माणूस वाकून आत जाईल एवढा सांगाडा आणि त्याला सगळीकडून तारेची जाळी. कुत्र्यामांजरांना त्यात शिरता येत नसे. वारा-पाऊस मात्र आपलंच घर असल्यासारखे आरपार जात.

आता तीन कोंबड्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? तर गुंडीसाठी. गुंडी अडीच वर्षांची आणि जेवणाच्या बाबतीत उपोषणाला बसलेल्या पुढाऱ्यासारखी ठाम. तिच्या वजनाचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता आणि तिची आई दिवसातून चार वेळा त्याच्याकडे बघत असे, जणू बघून बघून आकडा वाढेल. गाणी झाली, विमानं झाली, चमचे वाजवून झाले. तोंड उघडेना! मग एकदा कोणीतरी तिला जाळीघरापुढे बसवलं, "एक घास भुरीचा, एक घास मॅडमचा," असं सुरू केलं आणि वाटी रिकामी झाली. दोन महिन्यांत नऊशे ग्रॅम! तेव्हापासून गुंडीची आई त्या कोंबड्यांकडे बालरोगतज्ज्ञ असल्यासारखी आदराने बघायला लागली.

पण मागच्या पावसात घोटाळा झाला. गुंडीला लस टोचायला नेलं होतं, परत येऊन बघतात तर तिन्ही कोंबड्या पिळायला ठेवलेल्या पायपुसण्यांसारख्या ओल्या. शेंडेफळ शिंकत होती. मग त्यांना तीन दिवस घरात, आतल्या बोळात ठेवावं लागलं आणि मॅडमने सासूबाईंच्या चपलेत अंडं घातलं. सासूबाईंना ते पायाने सापडलं.

"झालं एवढं पुरे," सासूबाई पाय धुऊन आल्यावर म्हणाल्या. "आता कोंबडी पुन्हा उंबऱ्याच्या आत आली, की तिन्ही गुंडीच्या आत्याकडे. तिच्याकडे शेड आहे, जागा आहे, आणि चपला ठेवायला दाराचं कपाट आहे."

"अहो आई, पण गुंडीचं जेवण..."

"मग त्यांना बाहेर कोरड्या ठेव!"

म्हणून ही सकाळची घोषणा.

गुंडीच्या आईने हाताला लागेल ते फडकं बांधून मोकळं व्हायचं असा अडाणीपणा केला नाही. तिने बी.एस्सी. केली होती आणि तिला संख्याशास्त्रात त्र्याऐंशी मार्क होते. तिने आधी वाचलं. जाळीघर चारी बाजूंनी गच्च बंद केलं, तर आतल्या आत वाफ धरते आणि कोंबड्यांची छाती भरते. म्हणून जिकडून वारा येतो ती बाजू बंद करायची आणि तिच्या समोरची उघडी ठेवायची. प्रश्न एवढाच, की वारा येतो कुठून?

तिने दोनशे पानी वही घेतली. अंगणाच्या भिंतीलगत कपडे वाळत घालायची दोरी होती, तिला गुंडीच्या केसांची रिबीन बांधली. रोज सकाळी अकराला, गुंडी झोपली की, मोबाइलमधलं होकायंत्र हातात धरून ती रिबिनीपुढे उभी राहायची आणि नोंद करायची.

"सोमवार. वारा पूर्वेकडून. मध्यम. किंचित गरम."

"मंगळवार. पूर्वेकडून. मध्यम. किंचित गरम. वास खरपूस."

"रविवार. वारा नाही."

पंधरा दिवसांनी वही तिने गुंडीच्या बाबांपुढे ठेवली. ते ऑफिसला निघाले होते, एक मोजा पायात आणि एक हातात.

"बघा, तेरा दिवस पूर्वेचा वारा. इतका स्पष्ट निष्कर्ष कॉलेजातसुद्धा निघाला नव्हता!"

"छान," ते पानं उलटत म्हणाले. "दोन्ही रविवारी वाऱ्याला सुट्टी असते का गं?"

"दोन रविवारांवरून काही सिद्ध होत नाही."

"बरं," म्हणून त्यांनी दुसरा मोजा चढवला. संख्याशास्त्रात त्यांना किती मार्क होते हा विषय घरात कोणी काढत नसे.

हार्डवेअरच्या दुकानात तिने यादी वाचली : पितळी डोळ्यांची जाड ताडपत्री, बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या शंभर, लोखंडी खुंट्या सहा.

"ट्रक झाकायचाय का ताई?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"कोंबड्या."

"किती हजार?"

"तीन."

"तीन हजार?"

"तीन!"

दुकानदाराने ताडपत्रीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही हे आठवून सामान बांधायला घेतलं. फक्त ती निघताना तो म्हणाला, "खुंट्या चारी कोपऱ्यांना ठोका हं."

पण चारी कोपऱ्यांना कशाला? वारा पूर्वेचा! जी बाजू वाऱ्याला तोंड देणार तीच उचलली जाणार, हे साधं गणित होतं. सहाच्या सहा खुंट्या तिने पूर्वेच्या बाजूला गुडघाभर खोल ठोकल्या. पूर्वेला ताडपत्री दुहेरी केली, वर छताला आणि उरलेल्या दोन बाजूंनाही तीच पसरली आणि पश्चिम बाजू हवेसाठी सताड उघडी ठेवली. काम संपलं तेव्हा जाळीघर उघड्या तोंडाच्या भल्यामोठ्या पिशवीसारखं दिसत होतं. कोंबड्या आत गेल्या. मॅडमने सगळीकडून पाहणी केली, एकदा ताडपत्रीवर चोच मारली आणि काही शेरा न देता बसली.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा ताडपत्रीकडे बघितलं, एकदा आकाशाकडे. काहीतरी बोलणार होत्या, पण सुनेच्या हातातली वही बघून आत गेल्या.

गुरुवारी दुपारी वादळ आलं.

आलं ते पश्चिमेकडून!

गुंडीची आई तेव्हा पुढच्या खोलीच्या खिडक्या लावत होती. मागून "फट्टाक्" असा आवाज झाला, जणू एखाद्या राक्षसाने चादर झटकली. ती धावली. जाळीघर पावाचं पाकीट फुगावं तसं टम्म फुगलं होतं. वारा उघड्या तोंडातून आत शिरत होता आणि त्याला बाहेर पडायला एक फट नव्हती; तिने ठेवलीच नव्हती. पश्चिमेची बाजू आधी वीतभर उचलली गेली, मग हातभर. पूर्वेच्या सहाही खुंट्या मात्र इमानाने जागच्या हलल्या नाहीत. त्यामुळे डब्याचं झाकण बिजागरीवर उघडावं तसं अख्खं जाळीघर तिच्या डोळ्यांदेखत वर उठलं, उलटलं आणि पूर्वेच्या भिंतीवर जाऊन आडवं झालं. अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे.

आणि कोंबड्या?

खाली एकही नव्हती! खुराड्याचं दारही उघडं आणि आत सामसूम. गुंडीच्या आईच्या डोळ्यांपुढे फ्रिजवरचा तक्ता आला आणि त्यावरची रेघ सरसर खाली उतरायला लागली. भर पावसात ती "मॅडम! भुरी! शेंडेफळ!" असं ओरडत अंगणभर फिरली. मग तिने फोन लावला.

"अहो, कोंबड्या उडाल्या!"

"अगं, त्यांना तेवढं उडता येत नाही."

"जाळीघरासकट उडाल्या!"

"मी मीटिंगमध्ये आहे," गुंडीचे बाबा हळूच म्हणाले, "पण निघतो. इथे काय कारण सांगू?"

तेवढ्यात भिंतीवर एक पांढरं डोकं उगवलं. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, सगळा मैदा. शेजारचे बेकरीवाले काका होते आणि त्यांना खोकल्याची उबळ आली होती.

"वहिनी, तुमचं काहीतरी आमच्या पंख्यावर येऊन बसलंय! भट्टीचा सगळा धूर आत कोंडला. कारागीर मैद्याच्या गोण्यांवर जाऊन झोपलेत!"

"काका, तुमच्याकडे तीन कोंबड्या आल्यात का?"

"धुरात काय दिसतंय? आधी हे उचला!"

दोघांनी दोन्हीकडून जोर लावला. पट्ट्या तटातट तुटल्या आणि ताडपत्री सुटून खाली आली. भिंतीवरच्या वेलाच्या पानांआड परातीएवढा पंखा होता. तो घरघरला, आणि गरम, खरपूस वासाची झुळूक गुंडीच्या आईच्या ओल्या तोंडावर आली.

तिच्या डोक्यावर, दोरीला बांधलेली भिजकी रिबीन फडफडली. वादळ एकीकडे नेऊ बघत होतं आणि पंखा दुसरीकडे.

गुंडीच्या आईने रिबिनीकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग फार हळू आवाजात विचारलं, "काका, हा पंखा रोज असतो?"

"रोज! सकाळी सातपासून."

"आणि रविवारी?"

"रविवारी बेकरी बंद."

तेरा दिवस पूर्वेचा वारा, मध्यम, किंचित गरम! आणि आता कोंबड्याही नाहीत. ती निथळत घरात आली. गुंडी उठली असेल, जेवायला मागणार नाही, आणि कोणाच्या नावाने घास भरवायचे?

सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता.

"हा घास भुरीचा... हा मॅडमचा... अगं मॅडम, जरा सरक, ती माझी चप्पल आहे!"

तिने दार ढकललं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. त्यावर तिन्ही कोंबड्या ओळीने बसल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. गुंडी आजीच्या मांडीवर होती, गाल फुगलेले, वाटी जवळजवळ संपलेली. शेजारी धुण्याची टोपली, तिच्यात दोन-चार पिसं.

सुनेने दारातच बसकण मारली. "आई! तुम्ही यांना घरात घेतलंत?"

"मी कशाला घेईन?" सासूबाई वर न बघता म्हणाल्या. "टोपलीतून आल्या. टोपली घरातच असते."

"पण तुम्हाला कसं कळलं वादळाचं?"

"गच्चीवरचे कपडे काढायला गेले, तेव्हा आभाळ भरून आलेलं दिसलं. पाऊस नेहमी पश्चिमेकडूनच येतो. दर पावसात माझी ही खिडकी भिजते, पलंग सरकवावा लागतो. आणि खालच्या दोरीवर कपडे लवकर वाळतात ते बेकरीच्या पंख्याने."

"तुम्हाला पंखा माहीत होता? मग पंधरा दिवस बोलला का नाहीत?"

सासूबाईंनी शेवटचा घास शेंडेफळच्या नावाने गुंडीच्या तोंडात घातला आणि पदराने तिचं तोंड पुसलं.

"तू वहीत लिहीत होतीस ना. मला वाटलं, शिकलेल्यांचा वारा वेगळा असेल."

गुंडीचे बाबा धावतपळत आले तेव्हा सगळे सासूबाईंच्या खोलीत चहा घेत होते. ऑफिसात त्यांनी "घर उडालं" असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी चार सहकारी चादरी आणि भांडी घेऊन दारात उभे राहिले. पण ते जाऊ दे.

आत्याकडे कोणीच गेलं नाही. उंबऱ्याच्या आत कोंबड्या आणणाऱ्याला काय शिक्षा, हे सासूबाईंनी ठरवलं नव्हतं, आणि ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. जाळीघर सरळ करून आता बेकरीच्या भिंतीला टेकवून उभं केलं आहे. पश्चिम बाजू बंद, पूर्व उघडी, चारी कोपऱ्यांना खुंट्या. कितीही भिजल्या तरी कोंबड्या गरम वाऱ्यात दहा मिनिटांत फुलून येतात. गुंडीने बारा किलो ओलांडले. तक्त्यावर आता तिच्याखाली मॅडमचंही वजन लिहिलेलं असतं.

एकच अडचण राहिली. गेल्या रविवारी सकाळपासून रिपरिप होती आणि पंखा बंद. गुंडीच्या आईने बराच वेळ विचार केला, मग छत्री घेऊन स्टुलावर चढली आणि भिंतीवरून डोकं काढलं. बेकरीवाले काका बनियनवर पेपर वाचत बसले होते.

"काका," ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "तासभर पूर्वेचा वारा सोडता का?"