वाघमारे सरांचा दुसरा गट

वाघमारे सरांसमोर तान्हं मूल आणण्यात एकच धोका होता. सर हळूच त्याच्या पाठीमागे जाणार आणि खुळखुळा वाजवणार. मुलानं मान वळवली की "पास!" म्हणून ओरडणार, आणि त्या ओरडण्यानं ते मूल भोकाड पसरणार. एका बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, तेवढ्यात सरांनी निकाल जाहीर केला. पाठीवरचे बुक्के त्या दिवशी आत्याऐवजी सरांनाच बसले.

परभणीच्या आमच्या गृहविज्ञान कॉलेजात ते बालविकास शिकवायचे आणि शेजारच्या खोलीत मी पाककला. रजेचा अर्ज नेला की आमच्या प्राचार्यांना ऐकूच येत नसे. सरांनी त्यांच्याही मागे एकदा खुळखुळा वाजवला. प्राचार्य गर्रकन वळले. "कान लय चांगले हायत," सर बाहेर येऊन म्हणाले, "दुखणं दुसरंच हाय."

सर पीएच.डी. करत होते. रेल्वेमार्गावरच्या चुडावा गावात फिरून त्यांनी उशिरा बोलणारी, उशिरा चालणारी लेकरं हुडकली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर खेळातून शिकवायचं, दुसऱ्याला नुसतं तपासायचं आणि शेवटी दोघांतला फरक दाखवायचा. फरक निघाला तरच पदवी, आणि पदवी मिळाली तरच बढती. दर शनिवारी सर रेल्वेनं निघायचे. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं की आम्ही "आज नका जाऊ" म्हणून विनवायचो. सर पिशवी उचलून चालायला लागायचे.

वर्ष संपलं आणि फरक काही निघेना. दोन्ही गटांतली लेकरं सारखीच बडबडायला लागली होती! औरंगाबादहून आलेल्या मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला.

"दुसऱ्या गटालाही शिकवलंत की काय?"

मी चहा घेऊन आले होते, तशीच दारात थांबले. सर मान खाली घालून बसले होते.

"एक माय दर शनिवारी पोरीला कडेवर घेऊन उभी ऱ्हायची, सर. 'हिला कवा खेळवताव?' म्हणायची. तुझी पोरगी नुसती मोजायला घेतलीय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

पदवी गेली, तिच्याबरोबर बढतीही गेली. मला सरांचा राग आला आणि त्यांच्यासाठी भरूनही आलं.

पुढच्या शनिवारी बघते तर सर पुन्हा स्टेशनच्या वाटेला! "आता कशाला जायलाव?" मी चिडूनच विचारलं.

"आता मोजायची कटकट न्हाई ना, मॅडम," सर म्हणाले. "आता दिवसभर नुसतं खेळायचं."