छत्रीतलं कुत्रं

डिसेंबरातली सकाळ. आभाळात ढगाचा ठिपका नाही, ऊन कोवळं पण लख्ख, आणि कॉलनीच्या रस्त्यावरून एक माणूस छत्री उघडून चाललेला. बरं, ती स्वतःच्या डोक्यावर धरावी, तर तसंही नाही. कमरेत वाकून, हात लांब करून त्यानं छत्री जमिनीपासून हातभर उंचीवर धरली होती आणि तिच्या सावलीत एक पांढरंशुभ्र, गुबगुबीत कुत्रं तुरुतुरु चाललं होतं. माणूस उन्हात, कुत्रं छत्रीत.

साखर कारखान्यातल्या माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. सामान अजून टेम्पोतच होतं. मी बायकोला म्हटलं, "मालती, आपण चुकीच्या गावी उतरलोय."

ती म्हणाली, "उतरलोय तिथं शेजार तरी विचारा."

विचारलं. तो छत्रीवालाच आमचा शेजारी निघाला. रंगनाथअण्णा, कारखान्याचे स्टोअरकीपर. मधे एक भिंत, पुढे एकच ओटा.

छत्रीचं कोडं संध्याकाळपर्यंत सुटलं. गळिताचा हंगाम सुरू होता. कारखान्याची चिमणी दिवसरात्र धूर ओकायची आणि जळक्या चिपाडांची काजळी कॉलनीवर भुरभुरत राहायची. काळी, हलकी, जाळीदार. वाळत घातलेल्या धोतरावर, विरजणाच्या भांड्यात, जेवताना वरणात. शहाणी माणसं हंगामभर रंगीत कपडे घालत. अशा ठिकाणी पांढरा पॉमेरियन पाळणं म्हणजे कोळशाच्या वखारीत पिंजाऱ्याचं दुकान थाटण्यासारखंच होतं.

"मग पाळलंत कशाला?" मी ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं. अशा चौकशा करायला मी कधी वेळ लावत नाही.

"पाळलं कोनी?" अण्णा म्हणाले. "परक्याची वस्तू हाय, भाऊसाहेब. जशी आली तशी गेली पायजे."

आमच्या नगर जिल्ह्यात कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. हा मान मला फुकट मिळाला होता. कुत्र्याची हकीकत अशी, की आधीचे चीफ इंजिनिअर कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात गेले. तिथलं क्वार्टर तयार नव्हतं, म्हणून जाताना त्यांनी प्रिन्सला अण्णांकडे ठेवलं. "महिन्याभरात नेतो" म्हणाले होते. त्या महिन्याला आता वर्ष उलटून गेलं होतं.

अण्णांची निवड साहेबांनी विचार करून केली असावी. अण्णा अकोले तालुक्यातल्या डोंगरातले, काटकुळे, पन्नाशीला टेकलेले. लग्न केलेलं नव्हतं. कारखान्यात त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: त्यांच्या स्टोअरमधून गेलेली वस्तू गेली होती तशीच परत यावी लागे. फिटर पाना घेऊन आला की अण्णा तो उलटासुलटा करत, बोटानं चाचपत, वास घेत आणि म्हणत, "ह्यानं खिळा ठोकलाय तुमी." फिटर शपथा घ्यायचा. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, "खिळा ठोकलाय." आता अशा माणसाच्या ताब्यात साहेबांचं पांढरं कुत्रं आलेलं.

रोज सकाळी ओट्यावर गोणपाट अंथरलं जाई. प्रिन्स आपणहून त्यावर येऊन बसे. आधी जाड दातांची फणी, केसांच्या कलानं. मग तीच उलटी, शेपटीकडून मानेकडे. मग बारीक फणी, कानामागे आणि काखेत, कारण गाठी तिथं धरतात. गोचीड निघाला की रॉकेलच्या डबीत. कान खोबरेल लावलेल्या चिंधीनं पुसायचे. आठवड्यातून एकदा शिकेकाईनं अंघोळ, पाण्यात कडुलिंबाचा पाला. फणीतून निघालेले केस अण्णा ओट्याच्या कडेला ठेवत आणि चिमण्या ते घरट्यासाठी उचलून नेत. कॉलनीतल्या चिमण्यांची पिल्लं त्या वर्षी पॉमेरियनच्या गादीवर वाढली.

हे सगळं करताना अण्णा सतत बोलत. माणसांशी त्यांचं बोलणं तीन शब्दांच्या वर जात नसे. पण फणी हातात आली की त्यांचं तोंड सुटे. "काल मोटारीचा तो वायंडर बेरिंग मागाया आला हुता, दिला न्हाई. का देऊ? मागला बेरिंग कुठं हाय म्हनलं... मान वर कर. आईचं पत्र आलं न्हाई औंदा, भात कसा झाला काय की... हल. पाय दे." प्रिन्स डोळे मिटून सगळं ऐकून घ्यायचा. भिंतीपलीकडे चहा पिता पिता मीही ऐकायचो. कारखान्याच्या बातम्या मला ऑफिसपेक्षा इथंच आधी कळत.

आणि हे सगळं आटोपलं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "साहेब आले की सुटलो बाबा एकदाचा."

मला माणसाचं बोलणं शब्दशः घ्यायची वाईट खोड आहे. तिच्यापायी पुढचं सारं घडलं.

पण त्याआधी निळीचं सांगितलं पाहिजे. जानेवारीत काजळी फार वाढली. छत्री असूनही प्रिन्सच्या पाठीवर पिवळट-राखाडी झाक आली. अण्णा कासावीस. मी सहज म्हटलं, "अण्णा, सदऱ्याला देतो तशी जरा नीळ द्या की याला." मी थट्टा केली होती. पण अण्णांनी थट्टा कधी ऐकलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर आकाशी रंगाचं कुत्रं बसलेलं. बायका पाणी भरायच्या थांबल्या. एकीनं तर लांबूनच हात जोडले. मालतीनं माझ्याकडे पाहिलं आणि मला समोरचं वर्तमानपत्र एकदम फार महत्त्वाचं वाटू लागलं.

अण्णा मात्र चिडले नाहीत. उतरलेल्या चेहऱ्यानं एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या रंगात साहेब आले तर?" पुढे आठवडाभर त्यांनी रिठ्यानं तो रंग उतरवला. रोज थोडा. रोज तोच घोर, साहेब आले तर.

मार्चमध्ये मी एका लग्नाला नगरला गेलो आणि पंगतीत शेजारी कोण, तर तेच साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब. नावावरून कळलं, तशी मी ओळख दिली. मग जिलबी वाढेपर्यंत माझी जीभ नुसती धावत सुटली. म्हटलं, काय ठेवलाय तुमचा प्रिन्स, कापसाचा पेळू नुसता. बाईसाहेबांना आधी आठवेना. मग त्या म्हणाल्या, "अगंबाई, आहे का तो अजून? मला वाटलं... अहो, पुढच्या रविवारी परत जाताना घेऊनच जाऊ. नवा बंगला आहे, शोभेल."

चांगलं काम केल्याच्या समाधानात मी परतलो. अण्णा ओट्यावर फणी चालवत होते. म्हटलं, "अण्णा, सुटलात. रविवारी साहेब येतायत न्यायला. मीच जमवलं."

अण्णा "बरं झालं" म्हणाले. मग जरा वेळानं "लई बरं झालं" म्हणाले. फणी चालूच होती. त्या दिवशी एकाच कानावर ती इतका वेळ फिरली, की शेवटी प्रिन्सच उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून गोणपाट अंथरलं गेलं नाही.

फणी नाही, छत्री नाही, शिकेकाई नाही. प्रिन्स मोकळा हिंडू लागला. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांखाली झोपायचा, गटारात उतरायचा, पोटाखाली गोखरूचे काटे घेऊन यायचा. चार दिवसांत त्याच्या केसांचे दोर वळले. रंगाचं म्हणाल, तर गुळाच्या ढेपेवरची माशी त्याच्यावर बसली असती तर दिसली नसती. अण्णा त्याच्याकडे बघायचेच नाहीत. तो ओट्यावर येऊन नेहमीच्या जागी बसायचा, फणीची वाट बघायचा. अण्णा आत जाऊन दार लावून घ्यायचे.

"बघ," मी मालतीला म्हटलं, "माणूस कसा असतो. जायचं ठरलं की हात आखडला."

मालती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही यात पडू नका."

"अगं, पण आयत्या वेळी अण्णांचं नाव खराब होईल. इतकी सेवा केली आणि साहेबांच्या हातात हे ध्यान द्यायचं?"

"मी काय म्हणाले?"

"पडू नका म्हणालीस."

"मग?"

तर मी पडलो. रविवारी सकाळी अण्णा स्टोअरच्या कामाला गेले आणि मालती दळणाला गेली. मी बंब पेटवला, प्रिन्सला बिस्किटाचं आमिष दाखवून आणलं आणि कामाला लागलो. गोखरू काढताना त्याच्या आधी मीच ओरडत होतो. सुटेनात त्या गाठी कात्रीनं उडवल्या. शिकेकाई माझ्या डोळ्यात गेली, पाणी माझ्या धोतरात गेलं. तीन बादल्यांनंतर खालून पांढरं कुत्रं वर आलं. त्याला आमच्या खांबाला बांधलं आणि मी, दारात गुढी उभारल्यासारखा छाती काढून, अण्णांची वाट बघत बसलो.

अण्णा आले. फाटकातच थांबले.

"कोनी धुतलं?"

"मी. म्हटलं, साहेबांपुढे तुमची शोभा नको."

अण्णा तसेच आत आले. ओट्याच्या पायरीवर बसले. स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा हातात होता, तो मांडीवर ठेवला. मागून मालती डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली. तिनं प्रिन्सला पाहिलं, अण्णांना पाहिलं, मला पाहिलं आणि डबा खाली ठेवला. ती पडू नका का म्हणाली होती ते माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उतरलं. गोणपाट का उठलं, दार का लागायचं. गोखरूचा एकेक काटा अण्णांनी मोजूनमापून, मनावर दगड ठेवून राहू दिला होता. आणि मी ते सगळे उपटून बादलीत टाकले होते.

तेवढ्यात कॉलनीच्या वळणावर अ‍ॅम्बेसेडरचा हॉर्न वाजला.

अण्णा उठले. खांबाशी गेले आणि शांतपणे साखळी सोडली. बस्, एवढंच केलं.

ओलं कुत्रं अंघोळीनंतर मोकळं सुटलं की पहिल्यांदा काय करतं, हे मला त्या दिवशी कळलं. प्रिन्स बाणासारखा कुंपणाखालून निघाला तो थेट बॉयलरच्या राखेच्या ढिगावर. पाठीवर पडला, चारी पाय आभाळाकडे, आणि मनसोक्त लोळला. या कुशीवरून त्या कुशीवर. परत आला तेव्हा तो कुत्रा आहे हे फक्त शेपटीवरून कळत होतं.

साहेब आणि बाईसाहेब उतरत होते. प्रिन्स आनंदानं धावला आणि बाईसाहेबांच्या मोतिया साडीवर दोन काळे पंजे ठेवून उभा राहिला.

"शी! हे काय?"

साहेबांनी कुत्र्याला शेपटीपासून नाकापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "रंगनाथ, अहो तुमच्याकडून साधा बोल्ट इकडचा तिकडे होत नाही, म्हणून तुमच्याकडे ठेवला होता. ही काय दशा केलीत?"

बाहेर बायका गोळा झालेल्या. फिटर लोकही थांबलेले, ज्यांच्या पान्यांचा अण्णांनी जन्मभर वास घेतला होता ते. अण्णा मान खाली घालून उभे.

"चुकलं साहेब. न्हाई जमलं मला."

मला ते सहन होईना. "साहेब, खरं म्हणजे अण्णा रोज..." मी सुरुवात केली आणि मालतीनं माझ्या पायावर तिचा पाय असा ठेवला, की पुढचं वाक्य टाचेतच राहिलं.

"फार वास मारतो हो हा," ती बाईसाहेबांना म्हणाली. "आणि आताशा खाजवतो सारखा. गाडीत बसवाल, तर गादीचं काय होईल कोण जाणे. आमचंच शेजारी राहून अंग खाजतं." तिनं कोपर खाजवूनही दाखवलं. सोळा वर्षांच्या संसारात मालती इतकं सफाईनं खोटं बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेव्हापासून मी जरा सावध असतो.

बाईसाहेब गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी काच वर केली. साहेब म्हणाले, "आता हा राहू दे इथंच. चालेल ना?"

"आता काय करनार," अण्णा पुटपुटले. "ऱ्हाऊ द्या."

गाडी गेली. माणसं पांगली. जाता जाता एक फिटर दुसऱ्याला म्हणाला, "अण्णानं खिळा ठोकला रे आज," आणि दोघे हसले. अण्णांनी ते ऐकलं. पायरीवर बसले, तर प्रिन्स त्यांच्या मांडीवर चढला. धोतर काळं झालं, सदरा काळा झाला. त्यांनी त्याला दूर केलं नाही.

मी समोर उभा. "अण्णा, अहो, एका शब्दानं मला सांगायचं होतं."

"काय सांगू?" ते म्हणाले. "तोंडानं सांगायजोगं हाय का ते, भाऊसाहेब?"

मालतीनं बंबात पुन्हा दोन चिपाडं सारली. अण्णा तिच्याकडे बघत होते. जरा खाकरून त्यांनी विचारलं, "वैनी, ह्याचं नाव बदललं तर चालंल का? का मोठं झाल्यावर न्हाई बदलता येत?"

"का नाही येणार?" मालती म्हणाली. "पण आधी पाणी तापू द्या. अंघोळ घातल्याशिवाय कुठं बाळाचं नाव ठेवतात का?"

अण्णा मान खाली घालून हसले. फणी आणायला उठायचंही त्यांना सुचलं नाही. राखेनं चिकटलेले ते केस ते नुसत्या बोटांनीच, एकेक करून, सोडवायला लागले.