पायाखालचे आजोबा

जुन्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला धर्माजी वसईकडे गेला आणि तिथल्या जुन्या चर्चमधून डोक्यात भुंगा घेऊन परतला. चर्चच्या फरशीत पितळी पत्रे बसवलेले, त्यांवर गेलेल्यांची नावं कोरलेली, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून भोवती लाल दोरी. आणि इकडे चिंचणीत? मारुतीच्या देवळात उंबरठ्याच्या आत, घंटेच्या बरोबर खाली, त्याच्या आजोबांची पितळी पाटी: 'कै. दिनानाथ गोविंद चुरी यांच्या स्मरणार्थ.' गेली पन्नास वर्षं अख्खी आळी तिच्यावर उभी राहून घंटा वाजवत होती.

"लोकं पूर्वजांना दोरी बांधून जपतात, आन् आमी आज्याचं पायपुसणं केलंय," तो जेवताना म्हणाला.

त्याच्या आईने, ब्याऐंशी वर्षांच्या माईने, मान वर करून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण धर्माजी दोरी शोधायला उठलासुद्धा होता.

हनुमान जयंती पाच दिवसांवर होती. त्या संध्याकाळी ज्ञानेशबुवांचं कीर्तन. धर्माजीचा जीव कीर्तनात. तीस वर्षं फिटर म्हणून नोकरी केली, पण त्या दिवशी कधी दुसरी पाळी घेतली नाही. बुवा यायच्या आत आजोबांचा मान राखला गेला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं.

पहिल्या दिवशी दोन स्टुलं आणि लाल दोरी. देवळाचं दार अरुंद, त्यामुळे बायका पदर सावरत आडव्या होऊन आत शिरू लागल्या. घंटेला तर कुणाचा हात पोचेना. देवाला वर्दी न देता आत जायचं कसं? देवस्थान समितीच्या शैलेशने शेवटी छत्रीच्या मुठीने घंटा ओढली आणि धर्माजीकडे असं पाहिलं, की दोरी तिथल्या तिथे सुटली.

दुसऱ्या दिवशी धर्माजीने पाटीवर चौरंग ठेवला. नुसता चौरंग ओकाबोका दिसतो म्हणून त्यावर वाडीतली तगरीची फुलं मांडली. तिथेच चुकलं. तिसऱ्या दिवशी फुलांशेजारी हळदकुंकू आलं, मग चिकू, मग उदबत्ती. चौथ्या दिवशी बोईसरहून कारखान्यातला एक कामगार दर्शनाला आला आणि हात जोडून विचारू लागला, "भैया, ये कौन से बाबा हैं?"

"हमारे आजोबा," धर्माजीने सरळ सांगितलं.

"आजोबा महाराज की जय," म्हणत त्याने नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत तिथे सात नारळ फुटले.

शैलेश तणतणत घरी आला. "धर्मा, उद्या हनुमान जयंती हाय, आजोबा जयंती नाय. तिकडं मारुती एकटा बसलाय."

धर्माजीने चौरंग काढायचं कबूल केलं, पण कीर्तन झाल्यावर. बुवांचा पाय आजोबांवर पडलेला त्याला सोसला नसता.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बुवा आले. गळ्यात हार, हातात झांज, नजर थेट मारुतीवर, आणि गजर दारातच सुरू झालेला. चौरंग बरोबर नडगीच्या उंचीचा होता. धोतर अडकलं, झांज गडगडत गाभाऱ्यापर्यंत गेली आणि बुवा फुलांत बसले. बघता बघता घोटा सुजला. उभ्याने कीर्तन होणं शक्य नव्हतं.

देवळातल्या सभामंडपात शे-दीडशे माणूस बसलेलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते कीर्तन आपल्याच चौरंगाने मोडलं, या विचाराने धर्माजीच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलेशने त्याच्या हातात छिन्नी-हातोडी दिली: पाटी आत्ताच्या आत्ता भिंतीवर गेली पाहिजे.

मागे देवळाला नव्या लाद्या बसवताना गवंड्याने पाटीचा खालचा भाग सिमेंटखाली गाडला होता. धर्माजीने सिमेंट उडवलं तसं त्याखालून आणखी दोन ओळी वर आल्या. घोट्यावर बर्फ धरून बसलेल्या बुवांनीच त्या मोठ्याने वाचल्या: "हरिकीर्तनास येणाऱ्यांची पायधूळ अंगावर पडावी, या त्यांच्या इच्छेवरून उंबरठ्यात बसविली."

धर्माजीने आईकडे पाहिलं. "माई, तुला ठावं होतं?"

"मीच तर होते तवा. पाच दिवस सांगतेय. तू बसून ऐकलंस काय?"

बुवांनी चौरंग मागवला, त्यावर बैठक मारली आणि बसूनच कीर्तन लावलं. ठरलेलं आख्यान बाजूला ठेवून दिनानाथांवरच बोलले. भक्तांच्या पायाखाली जागा मागणारा केवढा मोठा, हे त्यांनी अशा सुरात गायलं की शैलेशनेही उपरण्याने डोळे पुसले. असं कीर्तन चिंचणीत झालं नव्हतं.

आरती झाली. पाटी पुन्हा जागच्या जागी चेपून बसवून धर्माजी दारात उभा राहिला आणि एकेकाला विनवू लागला, "पाय ठेवा, काका. अहो, त्यांचीच इच्छा हाय."

पण कीर्तन कानात ताजं होतं. एवढ्या थोर माणसावर पाय कोण देणार? काकांनी पाटीला हात लावून नमस्कार केला आणि टुणकन पलीकडे उडी मारली. मागून शैलेशने, मागून सगळ्या बायकांनी. शे-दीडशे माणूस आजोबांवरून उड्या मारत घरी गेलं.

सगळ्यांत शेवटी माई उठली. काठी टेकत आली, पाटीवर दोन्ही पाय रोवून ऐसपैस उभी राहिली, पदर सारखा केला आणि खाली बघून म्हणाली,

"मामंजी, घरात तुमच्यापुढं उबी राहायची सोय नव्हती. आता दम खा जरा."

आणि तिने सावकाश, पाच वेळा, घंटा वाजवली.