नाकाला बोट, कानाला हात

मैदानावर मी ओरडत नाही, अशी माझी ख्याती आहे. बाकीचे कोच घसा फाडतात, टोप्या आपटतात, वहीने स्वतःचंच डोकं बडवून घेतात. मी मात्र तिसऱ्या बेसशेजारच्या चौकोनात उभी राहते आणि फक्त हात हलवते. सॉफ्टबॉल खुणांवर चालतो, आणि खुणांच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही!

नाकाला बोट म्हणजे 'आवर'. बॅट फिरवायची नाही, चेंडूला नुसती लावून तो पुढ्यात पाडायचा. आमच्याकडे त्याला बंट म्हणतात. कान ओढला म्हणजे 'निघ'. बेसवरच्या मुलीने चेंडू पिचरच्या हातातून सुटला की पुढच्या बेसकडे धूम ठोकायची. शिकवायला सोपं, विसरायला अवघड.

याच खुणा मी घरीही चालवते. माझा नवरा माणूस म्हणून लाखात एक, पण बोलायला बसला की उठत नाही. कुणाकडे गेलो आणि तो नको तिथे शिरला की मी नाकाला बोट लावते. आवर! आणि यजमानीणबाई जांभया देऊ लागल्या की कान ओढते. निघ! नऊ वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालू आहे, असा माझा समज होता.

आता थोडं माझ्या कारकिर्दीविषयी. कॉलेजात चार वर्षं मी पिचर होते. शेवटच्या फायनलला शेवटच्या चेंडूवर मी समोरच्यांची सगळ्यात दांडगी मुलगी बाद केली. सगळ्यांना वाटलं वेगवान चेंडू येणार, आणि आला तो फुग्यासारखा तरंगत. तिची बॅट कधीच फिरून गेली होती. पेपरात फोटो आला, खाली माझं वाक्य छापलं, 'मुद्दामच टाकला'. त्या एका चेंडूवर मला त्याच कॉलेजात सहायक कोचची नोकरी मिळाली. अकरा वर्षं चेंडूंच्या बादल्या उचलल्या, फक्कीच्या रेघा मारल्या, सुजलेल्या घोट्यांवर बर्फ धरला. यंदा जुने हेड कोच निवृत्त झाले आणि क्रीडा संचालकांनी मला वर्षभरासाठी ती खुर्ची दिली. म्हणाले, "तो चेंडू टाकणारं डोकं मला हवंय. फायनल जिंका, कायमच्या करून टाकतो."

खरी गोष्ट अशी की तो चेंडू निसटला होता. तळहाताला घाम आला आणि सटकला. हे जगात फक्त नवऱ्याला माहीत होतं. एकदा भांडी घासताना मी भाबडेपणाने सांगून बसले, आणि त्याने कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली.

तर यंदाची फायनल. पाण्याचे कॅन गाडीतून आणायचे म्हणून नवरा आला होता. पहिल्या बेसमागच्या पायऱ्यांवर, बरोब्बर माझ्या समोर, तो बसला. पाचव्या डावात मी पाहिलं तर त्याच्या शेजारी क्रीडा संचालक! आणि नवऱ्याचं तोंड चालू.

मी सवयीने नाकाला बोट लावलं.

बॅटिंगला आमची कॅप्टन होती. हिला सगळे हातोडी म्हणतात, कारण ती चेंडू मारत नाही, ठोकते. दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे तीनपैकी दोन संधी हुकलेल्या. तिने माझं नाक पाहिलं, डोळे विस्फारले आणि आज्ञाधारकपणे बंट केला. चेंडू रेघेबाहेर गेला. दोन स्ट्राइकनंतरचा बंट बाहेर गेला की खेळाडू बाद, हे आमच्याकडे नवख्या मुलींनाही पाठ असतं.

"कोच, दोन स्ट्राइकवर बंट?" हातोडी परत येऊन म्हणाली.

"विश्वास ठेव," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन-दोन अशी बरोबरी. शेवटची बॅटिंग आमची, एक बाद. तिसऱ्या बेसवर आमची खारूताई, संघातली सगळ्यात चपळ पोर. बॅट हातोडीच्या हातात. बेत अगदी सरळ होता. हातोडीने ठोकायचं, खारूताईने घरी, म्हणजे होम प्लेटवर, यायचं की झाली धाव, मी कायमची व्हायचं. समोरच्या मुली हातोडीला घाबरून पार मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी ऐटीत पायऱ्यांकडे नजर टाकली.

नवरा उभा होता. त्याने उजवा हात खांद्यापासून गर्रकन फिरवला, अगदी पिचरसारखा, आणि शेवटी बोटं सैल सोडून झटकली. संचालक डोळे मोठे करून बघत होते. सांगितलंन! ह्या माणसाने निसटलेला चेंडू साभिनय सांगितलान!

मी नाकाला बोट लावलं. त्याने पुन्हा हात फिरवला. मी नाक इतकं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. तो पुन्हा बोटं झटकतोच आहे! आता एकच उपाय उरला होता, त्याला तिथून उठवणं. मी कान धरला आणि जिवाच्या आकांताने ओढला.

नवरा तसूभर हलला नाही. पण माझ्या शेजारून काहीतरी सुर्रकन गेलं. ती खारूताई होती.

पुढे पाहते तर हातोडी बॅट आडवी धरून वाकलेली. चेंडू बॅटला टेकला आणि पुढ्यात टपकन पडला. हातोडी बंट करील हे तिच्या आईलाही खरं वाटलं नसतं, मग समोरच्यांना कुठून वाटणार? त्यांची पिचर चेंडूपर्यंत पोचेतो खारूताई होम प्लेटवर धुळीत लोळत होती. सेफ! तीन-दोन!

मुलींनी मला उचललं. मी हसत होते, पण संचालक पायऱ्या उतरून आमच्याकडेच येत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी आज मला एक गोष्ट सांगितली..."

माझ्याने राहवेना. "सर, खरं आहे ते. चेंडू निसटला होता. पेपरात मी खोटं बोलले. अकरा वर्षं मला त्याची लाज वाटतेय."

संचालक थांबले. "कुठला चेंडू? ते मला खांद्याचा व्यायाम दाखवत होते. माझा खांदा आखडलाय ना. असा फिरवायचा, मग बोटं झटकायची."

मी टोपी डोळ्यांवर ओढली.

"आणि आजचा बंट?" त्यांनी सावकाश विचारलं.

आता लपवायला उरलंच काय होतं? "तोही, सर."

त्यांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. "कायम केलंय. दोन फायनल, दोन्ही चुकून जिंकल्यात तुम्ही. असा माणूस दुसऱ्या कॉलेजला देणं मला परवडायचं नाही. पण पेपरवाले आलेत, त्यांना काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच."

मी पेपरवाल्यांना सांगितलं, "मुद्दामच."

गाडीत बसल्यावर मी नवऱ्याकडे वळले. अगदी शांतपणे, कारण मी ओरडत नाही. "मी इतक्या खुणा केल्या, तुला एकही दिसली नाही?"

"दिसल्या की," तो म्हणाला आणि माझ्या हातावर एक गोळी ठेवली. "नऊ वर्षं बघतोय, चार माणसांत गेलीस की तुझं नाक चुरचुरतं. आज तर कान पार उपटत होतीस. म्हटलं, आता सर्दी कानात उतरली."

मी पाण्याचा कॅन पुढे ओढला आणि गोळी घेतली.