बाकी कुठं बसवली?

बावीस वर्षांची असताना मी शेहेचाळीस मुलांची सहल काढली. एका टेम्पोत वीस मुलं मावत. शेहेचाळीस भागिले वीस, भागाकार दोन, बाकी सहा. मी दोन टेम्पो सांगितले. बाकी खाली लिहून सोडून द्यायची असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात तेच शिकवायचे मी. चाकणकडच्या महाळुंग्याजवळच्या एका वाडीवरची शाळा. निघायच्या वेळी सहा मुलं दारात उरली आणि ड्रायव्हर जादा एकही घेईना. मी त्या सहांना म्हटलं, "थांबा हं इथंच, बघते काहीतरी," आणि पुढच्या सीटवर बसून राजगुरुनगरला निघून गेले. संध्याकाळी हेडमास्तरांनी झापलं, तर ही दीडशहाणी म्हणते, "सर, भागाकार बरोबर आहे."

हे सगळं उकरून निघालं ते हसनभाईंमुळे.

हसनभाई पुनावळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं चाकणला गॅरेज चालवलं. आता ते मुलगा बघतो, आणि हे रोज पाच वाजता पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून सोसायटीतल्या मुलांची शाब्दिक उदाहरणं सोडवतात. सोडवतात म्हणजे खोलतात, इंजिन खोलावं तशी. उदाहरण कागदावर उतरवायचं, कात्रीनं एकेक वाक्य सुटं करायचं आणि चादरीवर ओळीनं मांडायचं. "ज्यो पार्ट आदी निगाला त्यो आदी पुसायचा. दुसऱ्याला हात लावायचा न्हाई."

मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणतात. मला वाटलं, मास्तरीणपणा चेहऱ्यावरून जात नसेल.

माझी नात जुई चौथीत आहे. तिला मी माझा जुना मंत्र दिला होता: 'एकूण' म्हटलं की बेरीज, 'उरले' म्हटलं की वजाबाकी. एका उदाहरणात दोन्ही शब्द आले की पोर पेन खाली ठेवायची. पेपरात शाब्दिक उदाहरणांची जागा कोरी. क्लासच्या सरांनी सांगितलं, "तिच्यासाठी वर्ग थांबवता येत नाही." मग तिला आणून चादरीवर बसवली. मीही खुर्ची टाकून बसले, हसनभाईंच्या चुका काढायला.

त्या दिवशीचं उदाहरण: चार पेट्या, प्रत्येकीत बारा आंबे. पाच नासले. राहिलेले सहा जणांना सारखे वाटले. मुलांनी वाक्यांच्या पट्ट्या लावल्या: अठ्ठेचाळीस, त्रेचाळीस, प्रत्येकी सात, बाकी एक. झालं म्हणून सगळे उठायला लागले.

"बाकी कुठं बसवली?" हसनभाईंनी विचारलं.

"खाली लिहिली ना, चाचा."

"लिवून काय व्हतंय? त्यो आंबा कुणाचा?"

"तुमचा."

"मला शुगर हाय. दुसरं नाव सांग."

शेवटी तो आंबा वॉचमनकाकांना मिळाला. मुलांनी वहीत तसं लिहिलंही, 'बाकी १, वॉचमनकाका', आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून लाल रेघ घेऊन आली. हसनभाईंनी रेघ बघितली. "रेघ मारणाऱ्यानं आंबा खाल्ला आसंल," म्हणाले.

त्यांचा दुसरा हट्ट याहून वाईट. शेवटच्या मुलाचं होईपर्यंत कुणी चादर सोडायची नाही. शेवटची कायम जुईच. मुलांच्या सायकली खोळंबायच्या. "चाचा, तिला राहू द्या ना." "न्हाई. एक नट ऱ्हायला तर गाडी रस्त्याव सोडत्यात का?"

महिनाभरानं चाचणी झाली. जुईनं पेपर आणून चादरीवर ठेवला. तिन्ही शाब्दिक उदाहरणं सोडवलेली, दोन बरोबर. तिसऱ्यात एक पेन्सिल बाकी होती. ती हिनं बाकावरच्या शेजारणीला देऊन टाकली होती. त्या आनंदात मला चेव आला आणि मी मुलांना माझ्या सहलीची गोष्ट सांगितली, नकलांसकट. 'भागाकार बरोबर आहे' ला पोरं लोळायची राहिली.

जुई तेवढी हसली नाही. "आजी, त्या सहा जणांचं काय झालं?"

"काय व्हायचंय? गेली असतील घरी."

हसनभाई चादरीची घडी घालत होते. वर न बघता म्हणाले, "पाच गेली, बाई. मी थांबलो हुतो. म्हटलं, बाई ताळा करतील आन् टेम्पो माघारी धाडतील."