गिरणीतल्या प्रेमाचा सेफ्टी रिपोर्ट

मानेकाका प्रेमकथा वाचताना हातात लाल पेन घेऊन बसतात. नायक नायिकेचा हात धरतो त्या ओळीखाली नाही, तर तो कुठे उभा राहून धरतो त्या ओळीखाली रेघ मारतात.

कतारमध्ये, दोह्यातल्या अल मुंतझाहून रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसत. ते सेफ्टी इन्स्पेक्टर, मूळचे इचलकरंजीचे. मी प्लॅनिंग इंजिनिअर, नाशिकची. साइटवर ते मला मॅडम म्हणत आणि बसमध्ये पोरी. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाने त्यांना पुस्तकांचं खोकं देऊन टाकलं होतं. सगळ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या कादंबऱ्या: गिरण्या, धूर, संप आणि मालक-कामगारांच्या घरांतली प्रेमं. काकांचं इंग्रजी सेफ्टी मॅन्युअलवर पोसलेलं. ते या कादंबऱ्याही तशाच वाचत.

"हे बघ," ते म्हणत. "यंत्राच्या पट्ट्याला गार्ड नाही आणि ही बाई घोळदार झगा घालून शेजारी उभी. मालकाचा पोरगा बॉयलरखाली उभा राहून लग्नाचं विचारतोय. परमिट कुणी दिलं याला?"

एकदा एक नायिका पानोपानी खोकत होती. मला वाटलं, विरहाने झुरतेय.

"विरह कसला? कापसाची धूळ आहे. मास्क दिला असता तर दोनशे पानं वाचली असती."

त्यांची खरी तक्रार मात्र लेखकांवर होती. "मालकाच्या पोराला कामगाराची पोरगी द्यायची, तर हे आधी त्याची गिरणी बुडवतात. नाहीतर तिचा कुणीतरी काका मारतात आणि इस्टेट तिच्या नावावर करतात. लेव्हल झाली की मगच लग्न. आहे तसं लावायला यांचा हात थरथरतोय."

लेव्हल हा त्यांचा आवडता शब्द. कुणाचं लग्न ठरलं की पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारत, "लेव्हल काय म्हणतेय?"

म्हणून माझं ठरल्यावर मी त्यांना महिनाभर सांगितलंच नाही. सचिन आमच्याच साइटवर क्रेन चालवतो. परभणीकडच्या खेड्यातला, आयटीआय झालेला. माझे बाबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी फोनवर "बरं" एवढंच म्हटलं आणि व्हिजिट व्हिसा काढून थेट दोह्यात आले. आठवडाभर ते माझ्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत बसले. सचिनला भेटायचं नाव काढेनात. शेवटी मी काकांना सगळं सांगितलं आणि घरी बोलावलं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल घेऊन आले. चहा यायच्या आत त्यांनी सुरू केलं.

"मुलाचा रेकॉर्ड मी तपासलाय. सात वर्षांत एक लोड पडलेला नाही. हेल्मेटचा पट्टा न सांगता लावतोय. तुमच्या मुलीला अजून चारदा सांगावं लागतंय."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मुलगा चांगलाच असेल हो. पण शेवटी दोघांची पातळी बघावी लागते. तुम्ही जाणते आहात. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

काकांनी फाइल मिटली.

"बायको. तिच्या वडिलांचे यंत्रमाग. मी तिथं जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो. लग्न केलं तिनं माझ्याशी. सासरे एवढंच म्हणाले, हिला घरकामाला बाई ठेवणं जमेल का तुला? ते डोक्यात बसलं माझ्या. लेव्हल करायला म्हणून इकडं आलो. बावीस वर्षं झाली."

"मग झाली की लेव्हल," बाबा म्हणाले.

"झाली. माझं घर सासऱ्यांच्या घरापेक्षा एक मजला उंच आहे. ती खालीच राहते. वर एकटीनं जाऊन काय करू, म्हणते." काकांनी कप थोडा पुढे सरकवला. "ती तेव्हाच म्हणाली होती, मला काय कमी पडलंय, जाऊ नका. मला वाटलं, मन राखायला बोलतेय. आता फोनवर बोलायला काही सुचत नाही. म्हणून दर शुक्रवारी तिला ही पुस्तकं मराठी करून सांगतो. धूळ, आजारपण गाळतो. प्रेमाचं तेवढं सांगतो. ती ऐकते."

ते लाल पेन बायकोला सांगायच्या गोष्टीतलं नको ते गाळण्यासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग बाबांनी मला विचारलं, "त्या मुलाला तिखट चालतं का? उद्या जेवायला बोलाव."

सचिन आला, तीन भाकरी खाऊन गेला. बाबा परत जाताना विमानतळावर त्याच्याशी क्रेनबद्दल इतकं बोलत राहिले की मला त्यांना आत ढकलावं लागलं.

पुढच्या आठवड्यात मानेकाका जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. राजीनाम्याचा ऑनलाइन फॉर्म त्यांना भरता येत नव्हता. मी भरायला बसले. कारणाच्या रकान्यात मी टाइप केलं, 'वैयक्तिक'.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"ते खोड," ते म्हणाले. "नीट लिही. घरी बायको आहे."